सीलबंद खिचडी

आश्रोबा गुरुजींच्या घरी जेवायला बसलं की लगेच घास उचलायचा नसतो. आधी ताटाशेजारी एक पाटी येते. तिच्यावर खडूनं तारीख, वार आणि ताटात काय काय वाढलं आहे ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं. मग गुरुजी उठून उभे राहतात, मोबाईल दोन्ही हातांनी धरतात, एक डोळा मिटतात आणि ताटाचा फोटो काढतात. तो मोठा करून बघतात. पाटीवरची तारीख वाचता येतेय याची खात्री झाली की म्हणतात, "हां. करा सुरू."

मी लग्न होऊन वालूरला आले तेव्हा शेजारधर्म म्हणून त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. भाकरी, येसर मसाल्याची आमटी, पुरीसारख्या गोड तेलच्या असा झकास बेत. मी नवी नवरी, पोटात कावळे ओरडतायत, आणि समोर हे गृहस्थ पाटीवरचं शुद्धलेखन तपासतायत. मोबाईल पुढे आला तशी मी पदर सावरून, मान जराशी वाकडी करून बसले. नव्या सुनेचा फोटो काढत असणार, दुसरं काय? पंधरा दिवसांनी तो फोटो बघायला मिळाला. त्यात आमटी स्पष्ट होती, तेलच्या मोजता येत होत्या आणि माझ्या डाव्या हाताचा अंगठा तेवढा आला होता.

हल्ली सगळेच जेवणाआधी फोटो काढतात, त्यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण ती हौस असते. गुरुजींचा फोटो म्हणजे पुरावा. "फोटो न्हाई म्हणजे झालंच न्हाई," हे त्यांचं ब्रीद. नळाला पाणी आलं, फोटो. शेजारची म्हैस व्याली, फोटो. देवगाव फाट्याची एसटी वेळेवर आली तर दोन फोटो, कारण एकावर कुणी विश्वास ठेवणार नाही. काकूंनी भांडी घासली म्हटलं तरी विचारतील, "फोटो हाय का?"

सुभद्राकाकू या प्रश्नाला पुरून उरतात. सगळ्या गावासारख्या त्याही नवऱ्याला गुरुजीच म्हणतात, पण मान मात्र फार ठेवत नाहीत. "गुरुजी, आपलं लगीन झालंय, त्याचा तरी फोटो हाय का?" त्या विचारतात. तो नाही. फोटोवाला सेलूहून यायचा होता, तो आलाच नाही. गुरुजी पडल्या चेहऱ्यानं म्हणतात, "त्याला साक्षीदार हायेत." काकू म्हणतात, "हायेत की. निम्मे मेले त्यातले," आणि घासलेली भांडी पालथी घालायला लागतात.

या सगळ्याच्या मुळाशी एक नोटीस आहे. गुरुजींनी चौतीस वर्षं वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत मास्तरकी केली. एका साली वरच्या ऑफिसातून कुणी साहेब आले आणि अमुक तारखेला शाळेत खिचडी शिजली होती याला पुरावा काय, म्हणून विचारायला लागले. खिचडी शिजली होती. पोरांनी खाल्ली होती. आधी गुरुजींनी चाखली होती आणि चव रजिस्टरला तशी सही होती. साहेब म्हणाले, फोटो कुठंय? फोटो नव्हता. गुरुजींना कारणे दाखवा नोटीस आली, अख्ख्या नोकरीतली एकुलती एक. काकू सांगतात, ते चार दिवस गुरुजी नीट जेवले नाहीत. पाचव्या दिवशी परभणीला जाऊन स्वतःच्या पगारातून कॅमेरा घेऊन आले.

त्या दिवसापासून शाळेच्या प्रत्येक दिवसाची खिचडी गुरुजींकडे आहे. मूगडाळीची, मटकीची, वाटाण्याची. दरवेळी एक पोरगं ताट धरून उभं, ताटाला टेकवून पाटी, पाटीवर तारीख. निवृत्त झाले तरी हात थांबला नाही, शाळेची खिचडी गेली आणि घरचं ताट आलं. असं करत करत त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक लाख बारा हजार फोटो जमले.

आता यात माझा काय संबंध? तर त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून माझा टायपिंगचा क्लास आहे. तिथेच मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते आणि गल्लीतल्या सगळ्या आजारी कॉम्प्युटरांकडे बघते. तोंडानं मी फटकळ आहे, हे आमच्या घरचे तुम्ही न विचारताही सांगतील. त्यामुळे गुरुजींचं आणि माझं महिन्यातून एकदा तरी वाजतंच.

मागे एकदा त्यांचं मशीन गच्च भरलं. मी म्हटलं, "गुरुजी, ही शाळेची खिचडी काढून टाकू. निम्मी जागा मोकळी होईल. सगळी खिचडी सारखीच तर दिसते."

गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात पाढा चुकले होते. मग त्यांनी एक फोटो उघडला. समोर ताट, ताटात पिवळीधमक खिचडी. ते फोटो मोठा करत गेले आणि खिचडीच्या वर सरकत गेले. ताटाच्या मागे एक पोरगी होती. केस विस्कटलेले, फ्रॉकची एक बाही उसवलेली, नाकाखाली ओघळ, आणि हसू असं की समोरचे दोन दात नाहीत हे विसरून गेलेली.

"ही खिचडी न्हाई," गुरुजी म्हणाले. "ही राधा हाय. दुसरीतली."

राधाचं पुढे गंगाखेडला लग्न झालं. गुरुजी कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले की आहेर एकच, त्या पोराचा खिचडीच्या ताटासकटचा फोटो, फ्रेम करून. या आहेराची आमच्या भागातल्या नवऱ्यामुलींनी धास्ती घेतली आहे. दोन तास खर्चून मेकअप केलेला असतो, शेजारी नवरदेव कडक कोटात उभा असतो, आणि गुरुजी स्टेजवर चढून सगळ्या वऱ्हाडासमोर तिचा शेंबडा फोटो उघडतात. एक मुलगी तर मला म्हणाली होती, "ताई, गुरुजींना तारीख कळू देऊ नका." तरी ते पोहोचले.

राधाच्या लग्नाला मी त्यांच्यासोबत होते. नेहमीप्रमाणे फ्रेम उघडली, वऱ्हाड खदखदून हसलं, राधानं तोंड लपवलं. तेवढ्यात तिची आई पुढे आली. तिनं फ्रेम हातात घेतली आणि पदरानं काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती. राधाचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे आणि राधा आजीजवळ राहायची. फोटोतल्या पाटीवर जानेवारीची तारीख होती. आई म्हणाली, "दात पडले तवा मी नव्हते की हिच्याजवळ. मला ठावंच न्हाई, ही अशी दिसत होती." तिच्याकडे राधाचा लहानपणीचा एकही फोटो नव्हता. मी त्या मांडवात रडले, उगाच कशाला लपवू. खिचडी काढून टाका असं त्यानंतर मी कधी म्हटलं नाही.

गुरुजी-काकूंना मूलबाळ नाही. ते दोघंही ही गोष्ट कधी बोलत नाहीत आणि गावानंही विचारायचं सोडून दिलं आहे.

तर यंदाची हकीकत. गुरुजींच्या कॉम्प्युटरातली विंडोज जुनी झाली होती. रोज सकाळी मशीन सुरू केलं की एक चौकट यायची, या आवृत्तीला आता मदत मिळणार नाही, नवी घ्या, अशा अर्थाची. गुरुजींनी ती चौकट पहिल्या दिवशी चष्मा लावून दोनदा वाचली, वहीत उतरवून घेतली आणि 'ओके' दाबलं. मग पाच महिने ते रोज 'ओके' दाबत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "ही बी रिटायर झालीय गं. रिटायर माणसाला कामावरून काढत असतेत का?"

शेवटी मशीन सुरू व्हायलाच वीस-वीस मिनिटं लागायला लागली. नव्या मोबाईलचे फोटो उघडेनात. जुन्या विंडोजवरच नवी चढवून बघितली, तीही अर्ध्यात अडकली. मी सांगून टाकलं, "सगळं पुसून नवी विंडोज मारावी लागेल." आमच्या धंद्यात असंच म्हणतात. गुरुजींना ते 'मारावी' आवडलं नाही, आणि 'पुसून' तर मुळीच नाही.

"पुसून म्हंजी? माझे फोटो?"

"फोटो विंडोजच्याच कप्प्यात आहेत ना. तो कप्पाच पुसायचा. म्हणून त्याच्या आधी सगळ्याची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची. एकदा पुसलं की परत काही मिळत नाही. मी येऊन करून देते."

"तू नको. हे माझं काम हाय," गुरुजी म्हणाले. दुसऱ्याच दिवशी परभणीहून हार्ड डिस्क घेऊन आले आणि दार लावून बसले.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. नोकरीत असताना गुरुजींनी एकही निवडणूक सोडली नव्हती. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून त्यांचं नाव आलं की बाकीचे कर्मचारी निश्चिंत झोपायचे, इतकं त्यांचं सीलचं काम चोख. सुतळीला किती गाठी, लाख कुठे टाकायची, पट्टीवर कुणाची सही आधी, सगळं तोंडपाठ. चौतीस वर्षं ज्या हातांनी पेट्या आणि मशीनं सीलबंद केली, त्या हातांना आता एक लाख बारा हजार फोटो सांभाळायचे होते. तेव्हा त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

तीन दिवस कॉपी चालली. चौथ्या दिवशी समोरचे रिटायर्ड कंडक्टर आणि पिठाच्या गिरणीचे मालक, असे दोन पंच बोलावले. हार्ड डिस्क मांजरपाटाच्या पिशवीत घातली, पिशवी शिवली, तिला उभीआडवी सुतळी बांधली, गाठींवर मेणबत्तीनं लाख वितळवून टाकली. कागदी पट्टीवर तिघांच्या सह्या. पंचनामा दोन प्रतींत, एक माझ्याकडे माहितीस्तव. मग ही पिशवी ठेवायची कुठे? घरात सगळ्यात भक्कम वस्तू म्हणजे ज्वारीची पत्र्याची कोठी. पिशवी कोठीत गेली आणि गुरुजींनी कोठीलाही सील ठोकलं.

त्या घरात चार दिवस भाकरी झाली नाही. गुरुजी रोज निमूट भात खात होते आणि पाटीवर 'भात' असं लिहून त्याचा फोटो काढत होते. काकू येता-जाता विचारायच्या, "मतदान झालं ना तुमचं? मग मोजणी कवा हाय? ज्वारी काढायची हाय मला."

मोजणीचा दिवस म्हणजे मी जायची ती तारीख. मी नव्या विंडोजचा पेनड्राइव्ह घेऊन गेले, खुर्चीत बसले आणि सवयीनं विचारलं, "कॉपी उघडून बघितलीत ना?"

"सील हाय तिला."

"असू दे सील. आत सगळे फोटो आलेत का, ते बघितलं का?"

"तीन दिस लागले मला! एकेकाला रजिस्टरला टिक केलीय. दोन पंच हायेत. तू माझ्यावर अविश्वास दाखवायलीस?"

"तुमच्यावर नाही, डिस्कवर. फोडा ते, दोन मिनिटं बघू."

"नवी विंडोज आली की सील फुटंल. त्याच्या आदी फोडलं तर सगळी कार्यवाही रद्द. लय झालं तर तू ती पंचनाम्याची प्रत वाच."

मला राग आला. मी म्हटलं, "पंचनामा वाचून फोटो दिसत नाहीत. बघितल्याशिवाय मी या मशीनला हात लावणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." आणि पेनड्राइव्ह उचलून चालती झाले.

दोन दिवस आमचं बोलणं बंद. गुरुजी माझ्या क्लासवरून जाताना मान पलीकडच्या बारव-विहिरीच्या दिशेला वळवून जायचे. दुसऱ्या दिवशी मी क्लास दहा मिनिटं उशिरा उघडला, तर समोर उभं राहून त्यांनी बंद शटरचा फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंची हाक आली. "अर्चना, ये गं माय जरा. मी ज्वारी काढायलेय, त्यात ही ब्याद मधी हाय."

मी गेले तर काकू विळी घेऊन कोठीपुढे बसल्या होत्या. कोठीचं सील केव्हाच जमिनीवर पडलं होतं आणि त्या आता पिशवीची सुतळी कापत होत्या. गुरुजी दारात उभे राहून ओरडत होते, "अगं, शाई बी वाळली न्हाई पंचांच्या सहीची!"

"मग लिव्हा की," काकू म्हणाल्या, "सुभद्राबाईनं विळीनं फोडलं. काढा फोटो माझा विळीसकट." गुरुजींनी खरंच मोबाईल वर केला आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली घेतला.

हार्ड डिस्क त्यांच्याच कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर सगळ्या वर्षांची, महिन्यांची, इयत्तांची नावं ओळीनं आली. गुरुजींनी एका नावावर क्लिक केलं. झटकन खिचडी उघडली, ताट, पाटी, पोरगं, सगळं जागच्या जागी. "बघ!" गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा फुलून आला. "आता माफी माग."

मी मागणारच होते. पण नजर नावांशेजारच्या चित्रांवर गेली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता. मी डिस्क किती भरली ते बघितलं. ती जवळजवळ रिकामी होती.

मी ती डिस्क काढली आणि म्हटलं, "गुरुजी, चला माझ्या क्लासवर." तिथे माझ्या मशीनला ती लावली. तीच नावं आली. "करा क्लिक," मी म्हटलं. गुरुजींनी केलं. खिचडी आली नाही. फाइल सापडत नाही, अशी चौकट आली. त्यांनी दुसऱ्यावर केलं, तिसऱ्यावर केलं. पहिलीपासून सातवीपर्यंत सगळीकडे तीच चौकट.

झालं होतं ते असं. पडद्यावर समोरच दिसावीत म्हणून गुरुजींच्या फोल्डरांचे शॉर्टकट मीच कधीतरी करून दिले होते. शॉर्टकट म्हणजे फोटो नव्हे, फोटो कुठे ठेवले आहेत त्याचा पत्ता. गुरुजींनी ते पत्तेच उचलून डिस्कवर नेले होते. घरच्या कॉम्प्युटरवर पत्ता चालत होता, कारण फोटो त्याच घरात होते. एका मिनिटाचं काम त्यांनी एकेक करत, रजिस्टरला टिक करत, तीन दिवस केलं आणि तीन दिवस लागले म्हणूनच त्यांना वाटलं की सगळं आलं.

मी समजावून सांगायला लागले, पण त्यांना केव्हाच समजलं होतं. ते बाकावर बसले. "म्हंजी हजेरीपट आला," ते हळूच म्हणाले, "पोरं आलीच न्हाईत."

"हो."

"आन् त्या दिशी तू माझं ऐकलं असतंस तर?"

माझा राग अजून पुरता गेला नव्हता. मी म्हटलं, "तर एकही फोटो राहिला नसता." बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. गुरुजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले. मग म्हणाले, "अजून चारशे पोरांची लग्नं व्हायची हायेत गं."

मला हसू आलं. मी डिस्क उचलली आणि त्यांच्यासोबत घरापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी खऱ्या फोल्डरांची कॉपी सुरू केली. लाइट जाईल म्हणून माझ्या घरचं इन्व्हर्टर आणून लावलं. एक प्रत त्यांच्या डिस्कवर, ती झाली की दुसरी माझ्याकडच्या एका मोकळ्या डिस्कवर. गुरुजी दिवसभर खुर्ची घेऊन शेजारी बसून होते. पहिली प्रत झाल्यावर दोन्हीकडचे आकडे जुळवले. तेवढ्यावर माझं समाधान होत नाही, म्हणून डिस्क घरून आणलेल्या माझ्या लॅपटॉपला लावली आणि गुरुजींना म्हटलं, तुम्ही नावं सांगा, मी उघडते.

त्यांनी डोळे मिटले. "सन तेरा, चौथी. विष्णू." मी उघडला. ताट धरलेला विष्णू, पट्ट्याच्या जागी सुतळी. "हजर," गुरुजी म्हणाले. "सन सोळा, पहिली. शबाना." हजर. "किसन, ते शाळा सोडून गेलं ते." हजर. असे पन्नासेक झाले. ज्यांची नावं मला नुसती ऐकून माहीत होती ती पोरं एकामागून एक खिचडीमागून हसत बाहेर येत होती. काकू ज्वारी निवडता निवडता उठून आल्या आणि उभ्याच राहिल्या. प्रत्येक पोराला त्याही ओळखत होत्या.

मग मी कप्पा पुसला आणि नवी विंडोज टाकली. मोकळा निळा पडदा समोर आला तेव्हा गुरुजींनी देवाचं नाव घेतलं. फोटो परत आत जाईपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. सगळं जागेवर बसलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की दिवसभरात त्यांनी एकही फोटो काढलेला नाही. "फोटो न्हाई म्हणजे झालंच न्हाई," काकूंनी संधी सोडली नाही. त्या रात्री भाकरी झाली.

निघताना मी दुसरी डिस्कही त्यांच्याच हातात दिली आणि कामाची शेवटची गोष्ट सांगितली. एक प्रत मशीनमध्ये, एक इथे घरात आणि तिसरी कायम दुसऱ्या घरात ठेवायची. आग लागते, चोरी होते, उंदीर लागतात, घर एकच असलं तर सगळं एकदम जातं. "लेकाकडे, मुलीकडे, कुठंही," मी नेहमीच्या सवयीनं म्हणून गेले. गिऱ्हाइकांना मी हे वाक्य इतक्या वेळा सांगते की ते तोंडातून आपोआप येतं. काकूंचा हात सुपातच थांबला. गुरुजी म्हणाले, "बरं."

चार दिवसांनी काकू क्लासवर आल्या. त्या कधी येत नाहीत.

"ती डिस्क पिशवीत घालून फिरायलेत गं," त्या म्हणाल्या. "भावाकडं जाऊन आले. दोघा-तिघा पोरांकडं गेले, त्यांच्याच शाळेतली पोरं. लोक आदरानं बसवतेत, चहा देतेत. हे चहा पेतेत आन् डिस्क तशीच घेऊन घरी येतेत. म्हणलं, दिली काहून न्हाई? तर म्हणतेत, त्यांनी इचारलं यात काय हाय तर काय सांगू? खिचडी हाय म्हणू?" काकू जरा हसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दुसरं घर म्हणलीस तू. तवापासून धड बोलत न्हाईत. आमचं दुसरं घर कुठंय?"

मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्यासोबत गेले. गुरुजी ओट्यावर बसले होते, पिशवी मांडीवर. मी म्हटलं, "ती डिस्क माझ्या घरी ठेवते. शालूच्या खाली, कपाटात. तिथं आमच्या घरच्यांचाही हात जात नाही."

गुरुजींनी मांडीवरची पिशवी जवळ घेतली. "तुला तरास," ते म्हणाले.

"डिस्कचा कसला त्रास?"

त्यांनी पिशवीतून डिस्क काढली. सुतळी नव्हती, लाख नव्हती, पट्टी नव्हती. दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. मग खिशातून छोटी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"ही किती दिसांनी उघडून बघावी लागती?" त्यांनी विचारलं. "लिहून ठेवतो."

सहा महिन्यांतून एकदा बघितली तरी पुरतं. मी ते सांगणारच होते. काकू दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होत्या.

"दर गुरुवारी," मी म्हणाले. "संध्याकाळी, चहाच्या वेळेला. आणि काकूंना घेऊन या, या कामाला दोन माणसं लागतात."